शेवट माहीत असूनही जुना दरोडापट का धरून ठेवतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही १९५० चा 'द अस्फाल्ट जंगल' पाहिलात. पहिल्या वीसेक मिनिटांतच तुम्हाला कळून चुकलं की यातलं कुणी सुटणार नाही. तरीही तुम्ही जागचे हलला नाहीत. तुमच्या मित्राला मात्र तोच चित्रपट संथ वाटला आणि तो मध्येच उठून गेला. तुम्हाला विचारायचंय की शेवट ठाऊक असताना ही ओढ कशाची, आणि पुढे काय, कोणत्या क्रमाने पाहावं.

खरी अडचण मला प्रश्नातल्या एका गृहीतकात दिसते. 'काय होणार' हे कळलं की उत्सुकता संपली, असं आपण धरून चालतो. या चित्रपटांच्या कर्त्यांना ते धरून चालताच येत नव्हतं, कारण शेवट त्यांच्या हातात नव्हता. हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता १९३० ची. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली आणि १९६८ मध्ये ती जाऊन वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. या संहितेतल्या दोन गोष्टी दरोडापटाच्या मुळावर येणाऱ्या होत्या. गुन्हेगाराला गुन्हा पचता कामा नये, ही पहिली. दुसरी अशी की चोरी, दरोडा, तिजोरी फोडणं यांची पद्धत तपशिलात दाखवायची नाही. म्हणजे शेवट बांधलेला आणि मधला भाग झाकलेला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या नियमाची पकड सैल होत गेली, पहिल्याची तेवढी झाली नाही. हा प्रकार त्याच फटीतून वर आला. 'कसं केलं' हे आता सविस्तर दाखवता येत होतं, 'काय झालं' हे आधीच ठरलेलं होतं. साहजिकच चांगल्या लेखक-दिग्दर्शकांनी सगळी ताकद 'कसं' आणि 'कुठे फसलं' यांवर लावली. तुम्ही बसून राहिलात ते याच दोन प्रश्नांसाठी.

आता माझं म्हणणं सांगतो. पटकथा शिकवताना आणि हे चित्रपट दृश्यागणिक सोडवून पाहताना माझं मत पक्कं होत गेलंय की अभिजात दरोडापट हा मुळात कामाबद्दलचा चित्रपट आहे. आपलं काम उत्तम येणारी चार-पाच माणसं एकत्र येतात, काम चोख करतात, आणि तरी बुडतात. बुडवणारी गोष्ट कामात नसते, माणसात असते, आणि ती आपल्याला पहिल्या भागातच दाखवलेली असते. कुशल हात पाहण्याचं समाधान आणि त्या हातांच्या मालकाची खोट दिसत राहण्याची बेचैनी, दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

'अस्फाल्ट जंगल' तुमच्या लक्षात ताजा आहे, म्हणून तिथून सुरू करू. डब्ल्यू. आर. बर्नेट यांच्या १९४९ च्या कादंबरीवरून जॉन ह्यूस्टन यांनी तो केला. तुरुंगातून नुकता सुटलेला डॉक रीडेनश्नायडर योजना घेऊन येतो तेव्हा तो धाडसाबद्दल बोलत नाही, खर्चाबद्दल बोलतो. त्याला ५०,००० डॉलर भांडवल हवंय. तिजोरी फोडणारा एक, गाडी चालवणारा एक आणि दांडगाईला एक, अशी तीन माणसं लागणार. त्यांना ठरलेली रक्कम मिळेल, ऐवजात हिस्सा नाही, आणि ऐवज किती आहे हेही त्यांना सांगायचं नाही, कारण आकडा कळला की माणसाला हाव सुटते. कुठल्याही बांधकामाच्या ठेकेदाराचं बोलणं यापेक्षा वेगळं नसतं. प्रेक्षक इथेच आत ओढला जातो. मजुरी, उसनवारी, आगाऊ रक्कम, वेळेत काम, हा व्यवहार आपल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे.

पुढे साधारण अकरा मिनिटांचा दरोडा येतो. तिजोरी फोडणारा लुई चावेली रस्त्याखालून शिरून विटांची भिंत फोडतो, इतरांसाठी दार उघडून देतो, गजराला जोडलेल्या विद्युत किरणाच्या खालून पाठीवर सरपटत जातो, तिजोरीला भोकं पाडतो आणि नायट्रोग्लिसरीनची बाटली अशी हाताळतो की आपणही श्वास धरतो. या भागात पार्श्वसंगीत अजिबात नाही. मिक्लोश रोझा यांचं संगीत चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीला येतं, मधला सगळा काळ जवळजवळ कोरडा आहे. संगीत असतं तर कुठे घाबरायचं ते त्याने सांगितलं असतं. ते नसल्यामुळे आपण हत्यारांचा आवाज ऐकत राहतो, म्हणजे कामच ऐकत राहतो.

मग फसतं कसं? स्फोटाच्या हादऱ्याने शेजारच्या इमारतींतल्या धोक्याच्या घंटा वाजू लागतात. पहारेकरी येतो, दांडगाईसाठी घेतलेला डिक्स त्याला ठोसा मारतो, पहारेकऱ्याच्या हातून पिस्तूल पडतं, पडताना सुटतं आणि गोळी लुईच्या पोटात जाते. हा अपघात आहे, पण या अपघाताने टोळी संपत नाही. ती संपते ते भांडवल पुरवणारा वकील एमेरिक आतून कफल्लक असल्यामुळे. त्याने सगळ्यांना फसवून दागिने घेऊन पळायचं आधीच ठरवलेलं असतं. आणि डॉक? हा सगळ्यांत थंड डोक्याचा माणूस. त्याची दोन दृश्यं पाठोपाठ लावून पाहा. सुरुवातीला बुकीच्या खोलीत थांबलेला असताना तो मुलींच्या चित्रांची दिनदर्शिका पानं उलटून पाहतो. प्रसंग काही सेकंदांचा, सहज नजरेतून सुटणारा. अखेरीस शहराबाहेर निसटायची पूर्ण संधी असताना तो एका खाणावळीत ज्यूकबॉक्सवर नाचणाऱ्या तरुण मुलीला पाहत थांबतो, वर गाण्यासाठी नाणीही देतो. बाहेर पोलिस येतात. पकडला गेल्यावर तो विचारतो की तुम्ही इथे किती वेळ होतात. दोन-तीन मिनिटं, असं उत्तर मिळतं. एक तबकडी वाजायला लागतो तेवढा वेळ, असा हिशेब तो स्वतःच करतो.

ही बांधणी मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवतो, कारण दरोडापटाचं गुपित इथे आहे. ज्या खोटीने माणूस बुडतो ती आधी निरुपद्रवी रूपात दाखवायची, म्हणजे शेवटी ती 'आली' असं न वाटता 'होतीच' असं वाटतं. डिक्सचंही तसंच. लहानपणी गमावलेली केंटकीमधली घोड्यांची शेती त्याला परत घ्यायचीय, आणि त्यासाठीचे पैसे तो घोड्यांच्या शर्यतींवर हरत असतो. बुकीचं देणं २,३०० डॉलर. हे देणं आणि ती शेती जवळजवळ एकाच दमात कळतात. त्यानंतर त्याचं काय होणार हे सांगायला पोलिस लागत नाहीत. जाता जाता, पोलिस आयुक्ताचं रेडिओ चालू-बंद करत केलेलं भाषण तुम्हाला उपरं वाटलं असेल, तर ते बरोबर वाटलं. संहितेच्या चौकटीत कायद्याची बाजू इतकी ठळकपणे मांडून ठेवावी लागे. ह्यूस्टन यांची माया ज्यांच्यावर आहे ती माणसं त्या दालनात बसलेली नाहीत.

आता 'रिफिफी', १९५५. काम पाहण्याचा आनंद कुठवर नेता येतो याची ही हद्द आहे. दिग्दर्शक ज्यूल्स दासाँ यांना हॉलिवूडने राजकीय काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीत, टाकलं होतं. १९५० नंतर पाचेक वर्षं त्यांना चित्रपट मिळाला नाही, आणि मग पॅरिसमध्ये थोड्या पैशांत त्यांनी ऑग्यूस्त ल ब्रतों यांच्या कादंबरीवर हा केला. कान महोत्सवात त्यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, विभागून. जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास चालतो आणि त्यात एकही संवाद नाही, संगीत नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिक यांनी त्या दृश्यासाठी संगीत लिहिलं होतं. दृश्य संगीतासह आणि संगीताविना पाहिल्यावर त्यांनी स्वतःच ते काढायला मान्यता दिली.

या दृश्याची नक्कल असंख्यांनी केली, आणि बहुतेकांची का फसते हे समजून घेण्यासारखं आहे. नक्कल करणारे शांतता उचलतात, तयारी उचलत नाहीत. दासाँ आपल्याला आधी सगळं शिकवून ठेवतात. टोळी दुकानातल्यासारखाच धोक्याचा गजर मिळवते आणि घरात त्याच्यावर प्रयोग करते. जरा हादरा बसला की तो वाजतो. हे करून बघ, ते करून बघ, असं करत अखेर अग्निशामक नळकांड्यातला फेस आत भरला की तो गप्प होतो, हे सापडतं. हे दृश्य हलकंफुलकं आहे आणि त्यात आपण नकळत धडा घेतो. म्हणून प्रत्यक्ष रात्री कुणी काही समजावत नाही तरी आपल्याला कळतं की हातोड्याला कापड का गुंडाळलंय, पायांत मऊ बूट का आहेत. वरच्या घरातला गालिचा बाजूला करून जमिनीला भोक पाडतात. भोक हाताएवढं झाल्यावर त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पुढचा सगळा चुना-विटांचा चुरा छत्रीत पडतो, दुकानाच्या फरशीवर नाही. छत्री उघडते त्या क्षणी प्रेक्षागृहात एक समाधानाचा हुंकार येतो. तो दरोड्याला नसतो. अवघड प्रश्नाचं साधं उत्तर डोळ्यांसमोर सापडल्याचा तो हुंकार असतो. पुढे पियानोची एक पट्टी चुकून दाबली जाते, एवढासा आवाज, आणि सगळे गोठतात. आपणही गोठतो, कारण तोवर आपण पाचवे साथीदार झालेलो असतो.

आणि खोट? तिजोरी फोडणारा इटालियन सेझार दरोड्याच्या रात्री एक अंगठी खिशात घालतो आणि नाइटक्लबमधल्या गायिकेला भेट देतो. तिथून प्रतिस्पर्धी टोळीला माग लागतो. सेझारची भूमिका दासाँ यांनी स्वतः केलीय, पेर्लो व्हिता या नावाने. दबावाखाली साथीदाराचं नाव सांगणाऱ्या आणि त्याची किंमत मोजणाऱ्या माणसाची ही भूमिका. खुद्द दासाँ यांचं नाव सहकाऱ्यांनीच कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे घेतलं होतं. हे माहीत असलं की टोळीचा म्होरक्या टोनी आणि सेझार यांच्यातलं शेवटचं दृश्य फार जड होतं. याच चित्रपटात टोनी आपल्या जुन्या मैत्रिणीला पट्ट्याने मारतो. मार पडद्याबाहेर आहे, तरी अंगावर येतो. कुणाला दाखवणार असाल तर आधी सांगून ठेवा. एकूणच या प्रकारात स्त्रियांच्या वाट्याला फार वेळा विश्वासघात किंवा वाट पाहणं एवढंच येतं. ही या चित्रपटांची खरी उणीव आहे, आणि 'त्या काळी असंच होतं' म्हणून ती झाकायला मी तयार नाही.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९५६ च्या 'द किलिंग'मध्ये कामाची व्याख्याच बदलते. इथे तिजोरी फोडायची नाही, तर शर्यतीच्या मैदानावरची सुमारे वीस लाख डॉलरची रोकड उचलायची आहे. त्यासाठी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या जागी ठरल्या मिनिटाला एकेक छोटी गोष्ट करायची. त्यांतला एक रोखपाल, एक बारमध्ये पेये देणारा, एक पोलिस. पेशाने गुन्हेगार थोडेच. कुणाची बायको आजारी, कुणावर सावकाराचं देणं. सातव्या शर्यतीत पुढचा घोडा गोळी घालून पाडायचा, त्याच वेळी एका पहिलवानाने बारजवळ मारामारी सुरू करायची, गोंधळात योजनेचा सूत्रधार जॉनी क्ले आत शिरणार आणि पैशांचं पोतं खिडकीतून खाली टाकणार. हा भाग कुब्रिक सलग दाखवत नाहीत. एका माणसाचं काम पूर्ण दाखवतात, मग घड्याळ मागे नेतात आणि दुसऱ्याचं दाखवतात. शर्यत सुरू होण्याची तीच घोषणा, घोडे आणणारी तीच दृश्यं पुन्हा येतात. निर्माते जेम्स हॅरिस यांनी सांगून ठेवलंय की हा क्रम पाहणाऱ्यांना खटकला, तेव्हा चित्रपट सरळ क्रमाने लावून पाहिला गेला आणि पुन्हा मूळ रचनेवर आणला गेला. संकलन करणाऱ्या कुणालाही याचं कारण पटेल. सरळ क्रमाने लावलं तर प्रेक्षक एका माणसाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतो आणि एकाचंही काम त्याला नीट दिसत नाही. मागे-पुढे लावलं की प्रत्येक तुकडा पूर्ण होतो, आणि तुकडे एकमेकांत बसताना पाहणं हाच थरार होतो.

'द किलिंग'बद्दल एक तक्रार नेहमी येते की शेवट निव्वळ दैवावर सोडलाय. विमानतळावर एका बाईचं कुत्रं धावपट्टीवर जातं, सामानाची गाडी वळते, बॅग पडून उघडते आणि नोटा विमानाच्या पंख्याच्या वाऱ्यावर उधळतात. मला ही तक्रार मान्य नाही. मागे जाऊन पाहा. ती बॅग जुनी, घाईने विकत घेतलेली असते आणि तिचं कुलूप धड लागत नाही, हे आपण पाहिलेलं असतं. विमान कंपनीचा माणूस एवढी मोठी बॅग आत नेऊ देत नाही, नियमावर अडून बसतो, हेही पाहिलेलं असतं. कुत्रं शेवटी येतं, पण बॅग आधीच तयार असते. उधळणाऱ्या नोटांची कल्पना नवी नव्हती. रिचर्ड फ्लायशर यांच्या १९५० च्या 'आर्मर्ड कार रॉबरी'चाही शेवट विमानतळावर, विखुरलेल्या नोटांतच होतो. कुब्रिक यांनी तीत कुलूप आणि नियम घातले, म्हणून ती लक्षात राहिली. दरोडापट लिहू पाहणाऱ्यांना मी हीच कसोटी सांगतो. अपघात हवा असेल तर खुशाल घ्या, पण तो ज्या वस्तूवर आदळणार ती वस्तू निदान दोन दृश्यं आधी प्रेक्षकाच्या हातात दिलेली असू द्या. ह्यूबर्ट कॉर्नफिल्ड यांचा १९५७ चा 'प्लंडर रोड' या कसोटीला सुंदर उतरतो. आगगाडीतून पळवलेलं सोनं वितळवून त्याचे गाडीचे बंपर केलेले असतात, आणि लॉस एंजेलिसच्या गर्दीत एक किरकोळ धडक पुरेशी ठरते.

'द किलिंग'मधला आणखी एक धागा सहज निसटतो. घोड्यावर गोळी झाडणाऱ्या निकीला वाहनतळावरचा कृष्णवर्णीय कर्मचारी मदत करतो, शुभ म्हणून घोड्याचा नाल देतो. त्याला तिथून हटवण्यासाठी निकी वंशद्वेषी शिवी देतो. तो माणूस दुखावून नाल फेकून देतो. काही वेळाने पळताना निकीच्या गाडीचा टायर त्याच नालावर फुटतो आणि पहारेकरी त्याला गोळी घालतो. योजनेत कुठेही नसलेली एक शिवी, आणि माणूस संपला.

रॉबर्ट वाइज यांचा १९५९ चा 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' हा धागा उचलून त्याचाच चित्रपट करतो. हॅरी बेलाफोंटे यांच्या स्वतःच्या संस्थेची निर्मिती. पटकथा काळ्या यादीतल्या एब्राहम पोलोन्स्की यांची, पण नाव लागलं जॉन ओ. किलन्स यांचं. लेखक संघटनेने ते श्रेय १९९६ मध्ये दुरुस्त केलं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावातली बँक. दर गुरुवारी संध्याकाळी आत पगाराचे पैसे मोजत बसलेल्यांसाठी एक काळा वेटर खाद्यपदार्थ आणि कॉफी घेऊन येतो आणि बाजूचं दार साखळी लावून उघडलं जातं. अख्खी योजना एवढ्या फटीवर उभी आहे. वेटरचा वेष घेतलेल्या दुसऱ्या काळ्या माणसाचा चेहरा कुणी निरखून पाहणार नाही, हेच तिचं गृहीतक. म्हणजे शहाणपणाने आखलेल्या योजनेचा पायाच वंशभेद आहे. आणि ती फसतेही त्याच कारणाने. तिघांपैकी स्लेटर हा गोरा माणूस पळून जायच्या गाडीची चावी काळ्या इंग्रॅमच्या हाती द्यायला तयार होत नाही. चावी तिसऱ्याकडे, बर्ककडे जाते, बर्कला गोळी लागते, आणि चावी त्याच्याजवळच राहते. एवढ्या छोट्या, लोखंडी, हातात धरता येणाऱ्या वस्तूत एवढा मोठा विषय बसवणारी पटकथा मला दुसरी माहीत नाही. शेवट सांगत नाही, तुम्ही पाहायचाय. जॉन लुईस यांचं जॅझ संगीत आणि हडसन गावातली ती हिवाळी दुपार, दरोड्याआधी तिघांनी वेगवेगळं बसून काढलेली, यांसाठी चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहा.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, शेवट बांधलेला असल्यामुळे लक्ष पद्धतीवर जातं. पद्धत नीट शिकवलेली असल्यामुळे आपण साथीदार होतो. आणि खोट आधीच पाहिलेली असल्यामुळे साथीदार म्हणून आपल्याला ती टोचत राहते.

तुमच्या मित्राचं काय? इथे 'अवलंबून आहे' असंच म्हणावं लागेल, कारण 'संथ' म्हणजे नेमकं काय खटकलं ते माहीत नाही. 'अस्फाल्ट जंगल'मध्ये दरोडा साधारण मध्यावर आटोपतो आणि उरलेला वेळ परिणामांना दिलाय. दरोडा हाच कळस, असं धरून बसलेल्याला तो उरलेला भाग उतार वाटतो. अशा माणसाला 'द किलिंग' द्या. जेमतेम ८५ मिनिटं, आणि दरोडा उत्तरार्धात. खटकलं ते संवादांचं प्रमाण असेल तर थेट 'रिफिफी'. कृष्णधवल चित्रणच नको असेल तर जबरदस्ती करू नका. पण आपल्याकडचे 'बाजी' (१९५१) किंवा 'सी.आय.डी.' (१९५६) त्याला आवडत असतील, तर तिरपा प्रकाश, ओले रस्ते, क्लबातला धूर यांची सवय त्याला आहेच. मुंबईच्या हिंदी गुन्हेपटांनी हे वातावरण मनापासून घेतलं. दरोड्याची यंत्रणा मात्र तिथे रुजली नाही, आणि माझ्या मते त्याचं एक कारण असं की नायक शेवटी निर्दोष ठरण्याची तिथली गरज फार मोठी होती.

आणि तरीही नाही आवडलं तर नाही आवडलं. माणूस घड्याळ दुरुस्त करतोय किंवा सुतार सांधा बसवतोय हे थांबून पाहणारे काही लोक असतात, काही नसतात. माझ्या अनुभवात पहिल्या प्रकारचे लोक या चित्रपटांना चिकटतात. चित्रपटांचा अभ्यास किती, याने फारसा फरक पडत नाही.

तुमच्यासाठी क्रम: आधी 'द किलिंग', मग 'रिफिफी'. 'रिफिफी'चा दरोडा मध्ये न थांबवता, शक्यतो हेडफोन लावून पाहा. रस्त्यावरच्या आवाजात तो अर्धा तास वाया जातो. त्यानंतर ज्यां-पिएर मेलव्हिल यांचा 'बॉब ल फ्लांबर' (१९५६). त्यात बॉब डोव्हिलच्या कॅसिनोचा आराखडा मोकळ्या मैदानावर आखून साथीदारांकडून तालीम करून घेतो, आणि प्रत्यक्ष रात्री जुगाराच्या टेबलावर असा जिंकत सुटतो की वेळेचं भानच राहत नाही. 'अस्फाल्ट जंगल'मधल्या डॉकची आठवण येईल, पण चव अगदी वेगळी. 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' शेवटी ठेवा, कारण आधीचे पाहिलेले असले की त्याने काय मोडलं ते दिसतं. मुळाकडे जायचं असेल तर रॉबर्ट सिओडमाक यांचे दोन आहेत. 'द किलर्स' (१९४६) मध्ये टोपी कारखान्याच्या पगारावरचा दरोडा क्रेनवरच्या कॅमेऱ्याने एकाही कटशिवाय टिपलाय, आणि वर वृत्तपत्रातली बातमी वाचली जातेय. 'क्रिस क्रॉस' (१९४९) मध्ये पैसे नेणाऱ्या चिलखती गाडीचा चालकच आतून सामील आहे. हे दोन्ही फ्लॅशबॅकने विणलेले आहेत, म्हणून सुरुवातीला मी ते कुणाला सुचवत नाही.

टीव्हीवर पाहणार असाल तर मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. ते चालू असलं की सावलीतल्या हालचाली कचकड्याच्या वाटतात. 'अस्फाल्ट जंगल' आणि 'रिफिफी' यांची चौकट जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. पडदा भरण्यासाठी चित्र ताणू नका. ताणलं की दाटीवाटीने बसवलेले चेहरे फाकतात, आणि ती दाटी मुद्दाम केलेली आहे. खोलीतले दिवे घालवा, म्हणजे काळ्यातला काळा वेगळा दिसेल. आणि 'अस्फाल्ट जंगल' मित्राला पुन्हा दाखवणार असाल तर त्याची रंगवलेली प्रत टाळा. ती अस्तित्वात आहे. ती दाखवू पाहणाऱ्या एका फ्रेंच वाहिनीविरुद्ध ह्यूस्टन यांचे वारस न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. छायाचित्रकार हॅरोल्ड रॉसन यांनी राखाडीच्या ज्या छटांत ते शहर उभं केलंय, त्यावर रंग चढवला की पहाटेचा रस्ता आणि तळघर सारखंच दिसू लागतं.